पुजलेला खटका

बाबा, गेल्या सोमवारी गॅसचा खटका पडला. खरा. तपासणीच्या वेळी आपण मुद्दाम पाडतो तसा नाही, आपला आपण पडला, आणि ज्या कामासाठी तो तिथे बसवलाय ते काम त्याने केलं. तुम्ही सगळं आयुष्य हे खटके बसवण्यात घालवलंत, पण खरा पडलेला एकही तुमच्या वाट्याला आला नाही. "आपला धंदाच तसा," तुम्ही म्हणायचात, "काम नीट झालं तर कोणाला कळत नाही. कळलंच तर समजायचं, कुठेतरी वाट लागता लागता राहिली." तर ती सोमवारी राहिली. अंधेरीच्या इस्टेटमधली ती डबे बनवणारी कंपनी तुम्हाला आठवत असेल, तिचं कँटीन. चार मोठे बर्नर, स्वयंपाकाला सहा बायका, मागच्या जाळीच्या खोलीत दोन रांगांत लावलेल्या गॅसच्या बाटल्या. कोणाला काही झालं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण तुम्ही पहिलं तेच विचारलं असतं आणि उत्तर मिळेपर्यंत पुढचं काही ऐकलं नसतं.

आज रविवार आहे. गाळ्यात एकटीच बसलेय, शटर अर्धं खाली ओढून. बाजूच्या गाळ्यातलं मशीन बंद आहे, त्यामुळे स्वतःचाच आवाज जास्त येतो. तुमचा पाइप आवळून धरायचा शेगडा अजून त्याच टेबलावर बोल्ट मारून बसवलेला आहे; त्याचा दांडा वाकडा झालाय, पण पकड तीच. भिंतीवर तुमचा फोटो नाही, तुम्हीच नको म्हणाला होतात. तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली आणि या अठरा वर्षांत मी तुम्हाला मनातल्या मनात पुष्कळ बोलले, पण लिहायला कधी बसले नाही. लिहायला बसायचं म्हणजे काहीतरी झालेलं असावं लागतं.

मला पहिल्यांदा खटका समजावलात तो घाटकोपरच्या घरी, आई भाकऱ्या थापत होती तेव्हा. मी तेव्हा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होते आणि मला वाटत होतं की मला सगळं येतं. तुम्ही जमिनीवर खडूने काढून दाखवलंत. बाटलीतला गॅस रागात येतो. रेग्युलेटर त्याला शांत करून आत सोडतो. पण एखाद्या दिवशी रेग्युलेटरचंच डोकं फिरलं तर दार लावायला कोणीतरी पाहिजे की नाही? तो खटका. पुढच्या नळीत दाब वाढला की याच्या पोटातला रबरी पडदा वर उचलला जातो, पडद्याने कळ सुटते, कळ सुटली की दार बंद. मग हाताने ओढून उघडल्याशिवाय उघडत नाही. "आणि हे भोक," तुम्ही खटक्याच्या डोक्यावर खडूचा एक ठिपका दिलात, "हे श्वासाचं. पडदा वर जाताना वरची हवा इथून बाहेर जाते. हे बुजलं तर पडदा हलत नाही, आणि खटका बहिरा होतो. बाहेरून दिसायला एकदम झकास, पण बहिरा." आई म्हणाली, खडू पुसा आता, तिथे ताटं मांडायचीत.

मग मला कामावर न्यायचं ठरवलंत, तर मुलीच्या मापाचा बॉयलर सूट कुठे मिळेना. तुम्ही स्टेशनजवळच्या शिंप्याकडे गेलात. त्याने विचारलं, पोरगा किती वर्षांचा? तुम्ही म्हणालात, एकोणीस वर्षांची पोरगी आहे, आणि खिसे खोल कर, तिच्या हातात पाना राहिला पाहिजे, पर्स नाही. माझ्या एकोणिसाव्या वाढदिवसाची भेट ती. निळा, जाड, धुतला की दोन दिवस न वाळणारा. आईने घडी घालताना डोळ्याला पदर लावला, हसू आलं म्हणून की रडू आलं म्हणून ते तिने अजून सांगितलेलं नाही.

बोरिवलीच्या त्या बेकरीचं तुम्ही किती वेळा सांगितलंत. मी धंद्यात येण्याच्या आधीची गोष्ट. तपासणीला गेलात, दाब वाढवला, वाढवला, काटा लाल रेघेच्या पुढे गेला आणि खटका ढिम्म. उघडून बघता तर श्वासाचं भोक हळद-कुंकवाने गच्च. दर खंडेनवमीला मालक भट्टीची, कणीक मळायच्या मशीनची, आणि त्यांच्याबरोबर या खटक्याचीही पूजा करायचा. बरोबर मधोमध, डोक्यावर, कपाळाला लावावं तसं दोन बोटांनी. पाच-सहा वर्षांचे थर, वर तेलाचा हात, त्याचं सिमेंट झालेलं. तुम्ही टाचणीने ते कोरून काढायला लागलात तर मालक भडकला, पुजलेल्या वस्तूला अशी टाचणी टोचतात का म्हणाला. तुमच्याबरोबरचा फिटर त्याच्याशी भांडायला उठला. तुम्ही त्याला बसवलंत, आणि दुसऱ्या दिवशी स्टीलच्या डब्याच्या झाकणातून कापलेला एक गोल पत्रा घेऊन गेलात. तो खटक्याच्या पुढे, भोकापासून दोन बोटं लांब, असा टांगलात आणि मालकाला म्हणालात, शेठ, देव इथे. कुंकू इथे लावायचं, हार याला घालायचा, मागच्या भोकाला हात नाही लावायचा, तो त्याचा श्वास आहे. मालक खूश. त्याला हे पटलं की देवाला जागा मिळाली.

त्यानंतर तुम्ही जिथे जिथे खटका बसवलात तिथे पत्रा लावलात. आपल्या घरात ना हळद-कुंकू ना घट. दसऱ्याला आपण पांढरे कपडे घालून विहारात जाणार. आई चिडवायची, बुद्धाच्या घरात बसून देवाचे पत्रे कापतात. आणि मी, शिकलेली, मला तर लाजच वाटायची. खटका बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तकात असलं काही नाही, मी म्हणायचे, आपण लोकांना सांगायला पाहिजे की गॅसच्या सामानाची पूजा करू नका. तुम्हाला राग आला की तुमच्या तोंडात वऱ्हाडी यायची. "काहून सांगाचं? लोकं पूजा करतीनच वं. त्याईले अडवू नको, जागा दे." मला ते गावंढळ वाटायचं. आता वाटतं की माझं डोकं त्या वेळी फार हवेत होतं.

आणि मुलुंडची लाँड्री. ते तर तुम्ही विसरला नसणारच. मी तुमच्याकडे लागून सहा महिने झाले होते. तिथल्या बाईने मला चहा दिला, बिस्किटं दिली, म्हणाली आज इस्त्रीचा फार माल आहे, गॅस बंद करू नको ना, पुढच्या आठवड्यात कर. मी कागदावर आकडा लिहिला, सही केली आणि आले. तुम्ही संध्याकाळी कागद बघितलात. एवढंच विचारलंत, किती वेळ लागला? मी म्हटलं, पाऊण तास. तुम्ही म्हणालात, तिथल्या वॉचमनने सांगितलं तू वीस मिनिटांत बाहेर पडलीस. कागदाचे चार तुकडे केलेत. ओरडला नाहीत. ओरडला असतात तर परवडलं असतं. चार दिवस माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. एवढुशा दहा बाय बाराच्या खोलीत समोरासमोर बसून जेवायचो आणि तुम्ही आईला म्हणायचात, तिला सांग मीठ दे. तिला सांग डबा भरलाय. मी मीठ द्यायचे आणि अर्ध्या ताटावरून उठायचे. पाचव्या दिवशी मी एकटी मुलुंडला गेले, गॅस बंद करून नीट तपासणी केली, त्या बाईची बोलणी खाल्ली. घरी आले तर तुम्ही म्हणालात, दमली असशील, चहा घे. बस, तेवढंच. त्या दिवशी मी कानाला खडा लावला होता बाबा. वीस-पंचवीस वर्षं तो राहिला.

आता यंदाचं सांगते. अंधेरीच्या त्या कँटीनचा खटका तुमच्या हातचा होता. गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी तो बदलला, कारण त्याचे सुटे भाग मिळेनासे झाले. नवा छान आहे, तपासून बसवला. जुन्याबरोबर तुमचा पत्राही उतरवला आणि तिथल्याच भंगाराच्या पिंपात टाकला. परत लावला नाही. कंपनीचा सेफ्टी ऑफिसर शेजारी उभा होता, तरुण आहे, टापटीप. त्याने पत्रा बघून विचारलं, मॅडम हे काय? मी म्हटलं, काही नाही, जुन्या लोकांची पद्धत. असं म्हणाले मी. तुमच्याबद्दल.

वर्षाची तपासणी यंदा खंडेनवमीला ठेवली होती. त्या दिवशी कँटीनमध्ये फक्त प्रसादाचा शिरा असतो, जेवण नसतं, म्हणजे गॅस बंद करायला कोणाची ना नाही. पण पवईचं आधीचं काम लांबलं आणि मी पोचेपर्यंत पूजा आटोपली होती. कँटीन सांभाळते ती वेसाव्याची मावशी, तुमच्या वेळची, तेव्हा नव्याने लागली होती, आता निवृत्तीला आलीय. अजून पहाटे उठून, घरच्या सुनांना मासळीचं काय ते सांगून, नऊच्या आत अंधेरीला हजर. माझी पेटी बघून ती म्हणाली, "उशीर केलास गो. आता पुजलाय तो. उद्यापर्यंत हात नको लावू." जाळीच्या दारातून मला आत झेंडूचा एवढा मोठा हार दिसत होता, खटका त्याच्याखाली कुठे ते कळतही नव्हतं.

मावशीच्या मनात काही नव्हतं. पुजलेलं हत्यार त्या दिवशी उचलत नाहीत, ती तिच्या नवऱ्याच्या होडीवरसुद्धा हेच म्हणाली असती. तिने मला स्वतःच्या हाताने शिरा वाढला. पण "हात नको लावू" हे शब्द कानावर पडले आणि माझा हात जो मागे गेला, तो गॅसचा विचार करून गेला नाही. कुठल्या जुन्या सवयीने गेला ते तुम्हाला सांगायला नको. मी म्हणू शकले असते, मावशी, दोन तास थांबते, हार तू उतरव, मी नुसता खटका बघते. ती पाच मिनिटं कुरकुरली असती आणि हार उतरवला असता. मला ती पाच मिनिटं नको होती. मी काउंटरवरची फाइल उघडली, गेल्या वर्षीचा आकडा बघून त्याच्या आसपासचा एक लिहिला, खाली सही केली, आणि मनाशी म्हटलं, दसऱ्यानंतर येतेच आहे. दसऱ्याला आईला घेऊन नागपूरला गेले. आले तर दिवाळीच्या आधीची हॉटेलवाल्यांची झुंबड, मग दिवाळीच. रोज रात्री अंथरुणावर आठवायचं आणि सकाळी विसरायला व्हायचं. पाच आठवडे.

सोमवारी साडेदहाला मावशीचा फोन. "अगो, गॅस गेला. चारी चुली एकदम. आधी जाळ असा भसाभसा वर आला, हातभर, मी पोरींना ओरडले, मागं व्हा, मागं व्हा, तेवढ्यात फट् झालं आणि सगळं गार."  मी विचारलं, खटका ओढलास का? म्हणाली, "एकदा ओढला, परत पडला. मग नाय लावला हात." बाटल्या बंद कर, मी म्हटलं. "केल्या कधीच्या," ती म्हणाली, "मी काय आज आलीय कामाला? तू ये. भात अर्धा राहिलाय." मी रिक्षा पकडली. दहा मिनिटांचा रस्ता, त्यात मी एकच गोष्ट परत परत बघत होते, त्या फाइलमधली माझी सही. खटका पडला होता हे मला फोनवरच कळलं होतं, तरी बसले होते ते मेल्यासारखी.

सगळ्या बायका बाहेर ओट्यावर बसल्या होत्या. एकीच्या हातावरचे केस जळले होते, बाकी ओरखडासुद्धा नाही. त्या हसत होत्या, एकमेकींना नक्कल करून दाखवत होत्या की कोण कशी उडी मारून मागे गेली. माझा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. मी आत गेले. रेग्युलेटर उघडला तर त्याचं दार जिथे टेकतं त्या बैठकीत कचरा अडकलेला, दार बंदच होत नव्हतं, बाटलीचा दाब तसाच्या तसा पुढे. खटका जरा उशिरा पडला असता तर बर्नरच्या नळ्या निसटल्या असत्या, आणि तिथे सहा जणी उभ्या होत्या. मग मी खटक्याकडे वळले. पंधरा-वीस मिनिटं त्याच्याकडे बघायचं टाळलं होतं, खरं सांगते. गेल्या वर्षी मी पत्रा काढला होता. यंदा पूजा झाली होती. कुंकू कुठे लागलं असणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. मला वाटत होतं भोक अर्धंमुर्धं बुजलेलं दिसेल आणि कळेल की आपण नुसत्या नशिबाने वाचलो.

भोक स्वच्छ होतं. नवं कोरं. आणि त्याच्या पुढे, दोन बोटं लांब, किराणा दुकानात मिळते तसल्या सुतळीने बांधलेला तुमचा पत्रा. त्यावर हळद-कुंकू, सुकलेली एक पाकळी. मी मावशीला हाक मारली, विचारलं हे कोणी लावलं. ती म्हणाली, "मी. तू पिंपात टाकलास ना, मी काढला. देवाचा पत्रा असा भंगारात टाकतात काय? आणि तुज्या बापसाने मला सांगितलेलं, बाय, मागच्या भोकाला कुंकू नाय लावायचं, तो त्याचा श्वास हाय. मी पोरींना पण शिकवलंय." मी तिथेच बाटल्यांच्या जाळीला टेकून खाली बसले आणि रडले. सुटल्यासारखं वाटत होतं नुसतं, दुसरं काही नाही. मावशीला वाटलं मी घाबरलेय. तिने पाठीवरून हात फिरवला, म्हणाली, झालं ना आता, वाचल्या ना सगळ्या, उठ, रेग्युलेटर लाव, पोरं जेवायला येतील.

तेवढ्यात सेफ्टी ऑफिसर आला. फाइल हातात घेऊन. माझं पान उघडलेलं. "मॅडम, ग्रेट," तो म्हणाला, "पाचच आठवड्यांपूर्वी तुमची तपासणी झाली म्हणून हे वाचलं." त्याने पानाचा फोटो काढला, खटक्याचा काढला, माझा काढला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आणि बाबा, मी काही बोलले नाही. हसले. थँक्यू म्हटलं. तो फोटो संध्याकाळपर्यंत कंपनीच्या सगळ्या ग्रुपवर फिरला, मग माझ्याही फोनवर आला, वर लिहिलेलं की वेळच्या वेळी देखभाल केल्याचा फायदा. मी तो आईला दाखवला नाही. मंगळवारी दिवसभर कामात लक्ष नव्हतं, वर्सोव्याच्या एका हॉटेलात पाना विसरून आले.

बुधवारी ऑफिसरने मला बोलावलं, जेवणाच्या सुट्टीच्या आधी. कँटीनमध्येच छोटासा कार्यक्रम. नारळ, शाल, मावशीच्या हस्ते. मी माझी पेटी घेऊन गेले. शाल अंगावर घातली आणि ऑफिसर म्हणाला, मॅडम, देखभालीबद्दल दोन शब्द बोला. मी म्हटलं, मी तपासणी केलेली नाही. खंडेनवमीला आले होते, पण खटक्याला हात लावला नाही, फाइलमध्ये आकडा मनाने लिहिला आणि सही केली. खटका चालला तो माझ्यामुळे नाही. भोक मोकळं राहिलं ते मावशीमुळे, आणि मावशीला ते माझ्या वडिलांनी शिकवलं म्हणून. मी तर तो पत्रा टाकून दिला होता.

  ऑफिसर माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, निदान फोटो झाल्यावर सांगायचं होतं." मला हसू आलं, त्या अवस्थेत सुद्धा. मग तो म्हणाला, झालं ते चांगलंच झालं ना, आता कशाला उकरायचं, राहू द्या पान तसंच. मी फाइल मागितली, ती नोंद आडवी रेघ मारून खोडली, बाजूला लिहिलं की तपासणी झाली नव्हती, आणि त्या दिवसाची तारीख घातली. मग शाल काढून घडी करून ठेवली, बाटल्या बंद करून घेतल्या आणि तिथेच तपासणी केली. दाब हळूहळू चढवला, काटा रेघेवर आला, खट्. परत ओढला, परत चढवला, खट्. तीनदा. साबणाच्या पाण्याने सगळे सांधे बघितले. जेवण अर्धा तास उशिरा झालं, कोणी उपाशी मेलं नाही. ऑफिसर पूर्ण वेळ शेजारी उभा होता. शेवटी म्हणाला, मला हे वर कळवावं लागेल. मी म्हटलं, कळवा. ते काम आपल्याकडे राहील की जाईल, ठाऊक नाही. गेलं तर गेलं.

मावशी मात्र चुलीकडे वळली. पोळ्या लाटत बसली. मी पेटी भरली, तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. तिने वर बघितलं नाही. म्हणाली, "मीच तुला नको म्हटलेलं. अर्धी चूक माजी." मी म्हटलं, नाही मावशी, तुझी काही चूक नाही. मग तिने लाटणं थांबवलं. "नाय ना? मला पण तेच वाटतं," ती म्हणाली. "मी खंडेनवमीला नको म्हटलं. दसऱ्यानंतर तर नको म्हटलं नव्हतं. आम्ही सहा बायका रोज त्या जाळापुढे उभ्या. तुजा बापूस आला असता." मी म्हटलं, हो, ते आले असते. तिने एक पोळी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "बस. जेवून जा." मी बसले. पोटभर जेवले, वालाची उसळ होती. सोमवारपासून पहिल्यांदा घास गोड लागला.

चार दिवस झाले, शांत झोप लागतेय. कंपनीचं पत्र अजून आलेलं नाही. मी बसवलेल्या ज्या खटक्यांना पत्रा लावला नव्हता त्यांच्यासाठी काल दिवसभर बसून डब्यांच्या झाकणांतून चौदा पत्रे कापले, उद्यापासून एकेका जागी जाऊन लावणार आहे, आणि जिथे जाईन तिथे तपासणीची पानंही बघणार आहे. त्या सगळ्यांवरच्या सह्या खऱ्या आहेत, हे मात्र छातीवर हात ठेवून सांगते. आईला काल सगळं सांगितलं. ती म्हणाली, बरं केलंस बोललीस ते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. पेटीतही ठेवणार नाही, आईच्या हाती लागायला नको, कारण आता जे लिहितेय ते मी तिला सांगितलेलं नाही. मंगळवारी दुपारी, त्या हॉटेलच्या मागच्या बाजूला खाडीकडे तोंड करून उभी असताना, मी ठरवलं की उद्या सांगून टाकायचं. तेव्हा अठरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या मनात आलं, बरं आहे बाबा नाहीत. मला त्याने एवढं हलकं वाटलं की स्वतःचीच लाज वाटली. ऑफिसरला मी सांगू शकले, मावशीला सांगू शकले, त्या सगळ्या बायकांना सांगू शकले. तुम्ही असतात ना, तर ती सही खरी आहे असंच मी शेवटपर्यंत सांगत राहिले असते.